चलनवाढीचा चौक

माझ्या वसतिगृहातल्या या सोबत्याइतका चालणारा माणूस नागपुरात झाला नाही, आणि त्याच्याइतका न पोचणाराही. कॉलेजात तो जलद चालण्याच्या शर्यतीत उतरायचा. या शर्यतीत पळायचं नसतं. एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. त्यामुळे कंबर अशी हलते की पाहणाऱ्याला माणसाची काळजीच वाटावी. हा जेवायला, नाटकाला, इतकंच काय मुलगी पाहायलाही तसाच गेला. मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोराच्या कमरेत काही हाय काय गा?" मुलगी मात्र पडद्याआड हसून बेजार, होकार तिनेच दिला.

अभ्यासाला वेगळा वेळ काढणं त्याला मंजूर नव्हतं. अर्थशास्त्राचं पाठांतर चालता चालता, एकेका धड्याला नागपूरचा एकेक भाग. मागणीचा नियम सदरमध्ये, लोकसंख्या धरमपेठेत आणि चलनवाढ गांधीबागेतल्या कापडाच्या गाठींमधून वाट काढत. गोची अशी, की उत्तर आठवायचं तर पाय त्या रस्त्याला लागत. सहामाहीत बाकाखाली त्याचे पाय चालू पाहून पर्यवेक्षक म्हणाले, "काहून गा, बाहेर जायचं हाय काय?"

"नाही सर, गांधीबागेत पोचूनच राहिलो."

त्याचे वडील काटोलकडचे संत्र्याचे बागाईतदार. पोराचं हे कंबर हलवणं म्हणजे त्यांना गावभर शोभा वाटे. शेवटच्या वर्षी, कॉलेजा-कॉलेजांच्या शर्यतीला, त्याने त्यांना हट्टाने बोलावलं. ते धरमपेठेत शेवटच्या दोरीशी छत्री धरून उभे. दुसऱ्या दिवशी पेपर, म्हणून मी शेजारून सायकलवर प्रश्न विचारत होतो. तेव्हा कोणी हटकत नसे. हा सगळ्यांच्या बराच पुढे. सदर संपल्यावरच्या चौकात धरमपेठ सरळ, गांधीबाग डावीकडे. मी विचारलं, "चलनवाढीची कारणं सांग."

तो वळला. कंबर हलवत, कारणं सांगत, डावीकडे. मी हाक मारेपर्यंत तिसरं कारण झालं होतं.

दोरीशी पोचलो तेव्हा बक्षीस वाटून झालं होतं. वडील एवढंच बोलले, "चालता येते त्याले. पोचता येत नाही."

पेपरात चलनवाढ आलीच. तो पास झाला, बँकेत लागला, आणि तेव्हापासून चारचौघांत सांगतो, "यानं इचारलं म्हणून पास झालो." मी अंग चोरून बसतो. कारण तो प्रश्न चुकून आला नव्हता. मला नुसतं बघायचं होतं, वळतो का.

गेल्या महिन्यात त्याचे वडील गेले. तेरावं आटोपल्यावर एका सकाळी आम्ही फिरायला निघालो, आणि त्या चौकाच्या अलीकडे मी सांगून टाकलं. तो काही वेळ चालत राहिला, साध्या माणसासारखा. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाला, "पुन्हा इचार."

"काय?"

"तोच. इचार ना गा."

मी विचारलं. त्याची कंबर हलू लागली. चौकात डावा पाय जरा घुटमळला, आणि तो सरळ गेला. तोंडाने एकही कारण नाही. मी मागून धापा टाकत पळत होतो. धरमपेठेत, जिथे तेव्हा दोरी होती तिथे, तो थांबला आणि रस्त्याच्या कडेला, वडिलांची छत्री होती तेवढ्या उंचीवर, बघत उभा राहिला.