न्यांगने चोरलेलं आढं

न्यांगच्या घराचं आढं चोरलं तेव्हा करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. म्हणून ही हकीकत माझ्याकडूनच ऐका. गावातले पुरुष सांगतात त्यात करवत त्यांनीच धरलेली असते.

आमच्याकडे घराचे खांब आपल्या रानातले चालतात, आढं मात्र दुसऱ्याच्या रानातून चोरूनच आणायचं. बुंध्याला लाल फडकं बांधायचं, फटाके लावायचे आणि पळ काढायचा. ते ऐकून मालकाने चोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. जितक्या शिव्या, तितकी घराला बरकत. शिव्या पडल्याशिवाय कुठलाही सुतार आढं वर चढवत नाही.

न्यांगचा नवरा पो-ली गेला तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. थोरला दीर शोंग-ली म्हणाला, "मूल ना बाळ, घर कुणासाठी बांधतेस? माझ्या चुलीमागे एक कोपरा आहे, तिथे राहा. उतारावरची तुझी जागा मला दे, म्हशी बांधीन."

"माझ्यासाठी बांधतेय, भावजी. म्हशी तुमच्या कोपऱ्यात बांधा."

तीन वर्षं तिने ओंडके जमवले. आमचे सुतार येनकाका यांनी एका खिळ्याशिवाय सांगाडा जोडला. दरीकडचे खांब दगडांवर उभे राहिले. खाली जनावरं, मध्ये माणसं, वर धान्य, अशी जागा तयार झाली. राहिलं होतं फक्त आढं. ते चोरायला घरचे पुरुष जातात आणि शोंग-लीने सगळ्या भाऊबंदांना दम भरला होता. एकही मर्द फिरकला नाही. मला त्या सगळ्यांची अजून चीड येते.

"करवत धरशील?" न्यांगने मला, तिच्या शेजारणीला, विचारलं.

"रान कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? भावजींचं!"

लोक पहाटे लपतछपत जातात. आम्ही गेलो दिवसाढवळ्या, शोंग-लीच्या दारावरून. फरचं एक सरळसोट झाड पाडलं, फडकं बांधलं, फटाके लावले. माझ्या दोन जावा मदतीला आल्या आणि चौघींनी ते खोड वाटेत कुठेही न टेकवता खांद्यावरून आणलं. शोंग-ली आपल्या सज्ज्यातल्या बाकावर चिलीम ओढत बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि तो मूग गिळून बसला. शिव्या दिल्या तर घर उभं राहील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

येनकाकांनी खोड तासलं आणि हात झटकले. "मुहूर्त दुपारपर्यंतचा. शिव्या नाहीत तर आढं नाही, पोरी. मग पुढच्या वर्षी बघू."

दोर बांधून येनकाकांचे गडी उभे होते, मुहूर्ताचा कोंबडा टोपलीत ओरडत होता, चिकट भात निवत चालला होता. न्यांगने पदराला हात पुसले आणि ती थेट शोंग-लीच्या सज्ज्याखाली जाऊन उभी राहिली. आम्ही तिच्यामागे, येनकाकाही. तिथून समोरच्या उतारावर तिच्या घराचा सांगाडा दिसत होता.

"भावजी, तुमचं झाड परत आणू का?"

त्याने चिलमीचा एक झुरका घेतला.

"येनकाका म्हणतात, वाकडं आहे."

चिलीम थांबली.

"आतून किडकंही आहे म्हणे. असलं झाड लावणाऱ्याला रानातलं काही कळत नाही, म्हणतात. डुकरांच्या खोपटाला चालेल, तेही डुकरांनी तक्रार केली नाही तर."

येनकाकांनी यातलं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. ते आभाळाकडे बघत राहिले.

शोंग-ली ताडकन उठला. "किडकं? माझं झाड किडकं? अगं भवाने, अठ्ठावीस वर्षं वाढवलंय मी ते! या डोंगरात तसं सरळ झाड दुसरं दाखव! चोरटे! दरोडेखोर! तुझा आजा कोंबड्या चोरायचा, तू रान चोरतेस! सगळं खानदानच उचलेगिरांचं!" एकदा तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. पलीकडच्या डोंगरावरच्या बायकाही खुरपी टाकून ऐकू लागल्या.

"ओढा रे!" येनकाका ओरडले. दोर ताणले गेले आणि आढं वर चढू लागलं. मला रडू कोसळलं.

शोंग-लीने ते पाहिलं. त्याने चटकन तोंडावर हात ठेवला, पण तोवर आढ्याचं एक टोक खाचेत बसलं होतं.

न्यांग कमरेवर हात ठेवून वर त्याच्याकडे बघत म्हणाली, "थांबलात का, भावजी? दुसरं टोक बसायचंय अजून!"