पटासाठी घेतलेलं घड्याळ

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात, मूल गावाकडच्या आमच्याच खेड्यात मास्तर होतो. पगारातून साठलेली पुंजी मला एका चांगल्या घड्याळात घालायची होती. बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं. वेळ सांगायला डोक्यावर सूर्य आहे आणि त्याला चावी द्यावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबा धानाचे शेतकरी, पण जीव सगळा पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांत. आईचं लुगडं ते विसरत, बैलांची सरकीची ढेप कधी विसरले नाहीत.

चांद्याच्या दुकानदारानं मखमलीवर दोन घड्याळं मांडली. एक सोनेरी, पातळ, नवरदेवाच्या मनगटाला शोभेल असं. दुसरं पोलादी, जाडजूड, मोटारींच्या शर्यतीसाठी बनवलेलं स्विस घड्याळ. त्याच्या बाजूला दोन बटणं होती. एक दाबलं की लांब काटा पळायचा, पुन्हा दाबलं की जागीच थांबायचा. दुसरं दाबलं की मुकाट्यानं बारावर. दोन सेकंदांच्या मधेही बारीक रेघा होत्या. मास्तरला शर्यतीचं घड्याळ कशाला, असं दुकानदार विचारत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मी आपला काटा पळवत आणि थांबवत बसलो होतो. करता करता मला आमचा शंकरपट आठवला, आणि सोनेरी घड्याळ मी परत सरकवलं.

धान घरात आलं की आमच्याकडे पट भरायचा. छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्या एकामागून एक सुटायच्या, आणि कोणती जोडी जास्त वेगानं आली हे आमच्या शेजारचे काका मोठ्यानं आकडे मोजून ठरवायचे. सबंध गावाचा त्यांच्यावर विश्वास होता. बाबांचे तर ते लहानपणापासूनचे सोबती. पण आदल्या वर्षी त्यांच्या मोजणीनं बाबांची जोडी वरोऱ्याकडच्या एका जोडीमागे पडली. आपल्या वेळी काकांनी आकडे घाईघाईनं मोजले, हे बाबांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मधे एकच कुंपण, तरी आईला काकूशी विहिरीवर चोरून बोलावं लागे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

घड्याळ घरी आलं तेव्हा नव्या वस्तूची पूजा म्हणून आईनं काचेवर असं काही ओलं कुंकू लावलं की काटेच दिसेनात. मी ते पुसून बाबांना बटणाची करामत दाखवली. त्यांनी नीट पाहून घेतलं.

"हे घडी कोनाची नातलग नाई ना?" ते म्हणाले.

नाही म्हटल्यावर त्यांचा सूर्य मावळला. गावभर तेच सांगत सुटले, यंदा पट घडीवर. पोराच्या हातात घड्याळ आणि बापाचे बैल, अशी कुजबुज झालीच. म्हणून मीच काकांना म्हटलं, तुम्ही माझ्याजवळ उभे राहा आणि काट्यावर नजर ठेवा. ते आले. बाबांकडे न बघता आले.

झेंडी पडली की बटण दाबायचं, जोडी रेघ ओलांडताच पुन्हा दाबायचं. आमची जोडी अशी आली की मला वाटलं, जिंकलो. मग वरोऱ्याकडची तीच जोडी आली. काटा थांबला तो आमच्यापेक्षा दोन बारीक रेघा अलीकडे. काकांनी काटा पाहून मान डोलावली. निकाल मलाच पुकारावा लागला.

बाबा बैल घेऊन घरी गेले. संध्याकाळी मी ओट्यावर टेकलो तसा त्यांनी हात पुढे केला.

"दाखव मले, कितीनं हारलो ते."

मी काटा सोडला आणि त्या दोन रेघांवर थांबवला. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं. त्यांचं राकट बोट बटणावरून उठून परत टेकेपर्यंत काटा कितीतरी पुढे निघून जाई. पुन्हा पुन्हा केलं, तरी एवढ्याशा अंतरावर त्यांना तो धरता येईना.

"एवढुशानं," ते म्हणाले. घड्याळ मुठीत घेऊन उठले आणि कुंपणापाशी गेले.

"भाऊ, मागच्या साली तू बरोबर मोजलं होतं."

काका आतून आले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकूनं अंगणात बाज टाकली, आणि आई न लपता चहा घेऊन गेली.

पुढे मला घड्याळांचा नाद लागला. आज पेटीत याच्याहून भारी घड्याळं आहेत. पण हात आधी जातो तो या पोलादीकडे. त्या संध्याकाळी ते मला परत मिळालं नाही. कुंपणापलीकडे बाबा बटण दाबत होते, काका मोठ्यानं आकडे मोजत होते, आणि काका जरा घाईनं मोजतात हे बाबांनी पकडलं तेव्हा दोघंही हसत होते.