बंदरावरच्या बाईचं गाऱ्हाणं

देवरूखला जाणारी सकाळची एसटी आमच्या वाडीच्या फाट्यावर उभी होती आणि बाबा तिच्या पुढच्या चाकाजवळ नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत होते. मी फ्रान्सला निघाले होते. ड्रायव्हरला उशीर होत असणार, पण त्याने हॉर्नला हात लावला नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडत नाहीत. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा, अशी रीत.

"बा देवा म्हाराजा, पोरगी परमुलखात चाललीय, तिची राखण कर," बाबा म्हणाले. खिडक्यांतून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" "तिच्या कामाला यश दे." "व्हय म्हाराजा!" "आन् तिला परकी होऊ देऊ नको." यावर कंडक्टरसुद्धा पायरीवरून ओरडला. आई मात्र काही मागत नव्हती. ती माझ्या पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत एवढंच म्हणाली, "थितं कोण वाढायला नाय, आपल्या हातानं पोटभर वाढून घे."

तिकडे लिओं शहरात एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी होती. आत सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे तिथे अडलं नाही. अडलं ते दाराबाहेर. वाडीत मी बडबडी म्हणून बदनाम. शाळेतल्या बाईंनी मला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं असेल. तीच मी बेकरीत बोट दाखवून पाव घ्यायला लागले. लोक वाईट नव्हते, माझीच जीभ जड झाली होती. संध्याकाळी खोलीवर येऊन पेज करायची, कुकरच्या शिट्टीशी दोन शब्द बोलायचे आणि झोपायचं. तुमच्यापैकी जे सौदीला, दुबईला, अगदी मुंबईला गेलात, त्यांना हे काही नवीन नाही.

मग एका सहकारी मुलीला ताप आला आणि तिचं नाटकाचं तिकीट माझ्या वाट्याला आलं. फ्रेंच संगीत नाटक. मी नाही म्हणणार होते, पण फुकटचं तिकीट वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. लाल गाद्यांच्या खुर्चीत मी अंग चोरून बसले. गोष्ट तशी साधी होती. समुद्राकाठचं एक गाव, तिथे मिठागरात राबणाऱ्या बायका, आणि त्यातल्या एकीचा मुलगा बोटीवर गेलाय तो परत आलेला नाही. शब्द निम्मे डोक्यावरून गेले, पण बाकी सगळं मला ठाऊक असल्यासारखं चाललं होतं. दुःखाचं गाणं ऐन रंगात आलं की मध्येच एक सोंगाड्या घुसून सगळ्यांची टर उडवायचा. आमच्या नमनात संकासूर तेच करतो. नमन म्हणजे शिमग्यात अंगणात रात्रभर चालणारा आमचा नाच-गाण्याचा खेळ, आणि बाबा वाडीच्या नमन मंडळाचे मुख्य गाणारे. मला वाटलं, हे लोक आमच्याकडे येऊन शिकून गेले की काय!

दुसऱ्या अंकात ती आई बंदरावर एकटी उभी राहते आणि आभाळाकडे बघून एकेक मागणं मागत गाते. प्रत्येक ओळीनंतर सगळी वाद्यं थांबतात. त्या पहिल्याच शांततेत माझ्या ओठांवर 'व्हय' आलं. मी तोंडावर हात दाबला. शेजारच्या गृहस्थांना वाटलं मी रडतेय, आणि खरं सांगायचं तर रडतच होते.

त्यानंतर मला नाद लागला. तेच नाटक मी पुन्हा पाहिलं, मग दुसरी पाहिली. गाण्यांचे शब्द मिळवून भांडी घासताना म्हणायला लागले. माझं फ्रेंच वर्गात कमी आणि त्या गाण्यांतच जास्त झालं. त्यामुळे बाजारात टोमॅटो मागतानाही माझा सूर मुलगा हरवलेल्या आईसारखा लागायचा. भाजीवाला हळहळून एक टोमॅटो जास्त टाकायचा. हळूहळू जीभ सुटली. रंगमंचावरच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसू आलं, त्या दिवशी मी ट्राममधून घरी न जाता नदीकाठाने चालत गेले. इतकी खूश होते.

पण बाबांना यातलं एक अक्षर सांगवेना. रविवारी फोन व्हायचा. पाऊस, भात, कुणाची गाय व्याली, असं सगळं बोलायचे. फ्रेंच गाणी मला आवडतात हे सांगितलं असतं तर पोरगी हातातून गेली, असंच त्यांना वाटलं असतं. अख्ख्या एसटीने ज्याला होकार दिला, तेच मी मोडत होते का? हा प्रश्न मला टोचायचा. ना धड इकडची ना तिकडची, असं आमच्या वाडीत मुंबईवाल्यांना म्हणतात. मी तर मुंबईच्याही पलीकडे गेले होते.

गेल्या शिमग्याला घरी आले. एका दुपारी बाबा पडवीत मृदुंगाला शाई लावत बसले होते. सोबत सोनूकाका, आमचा जन्माचा संकासूर. तिकडची काय गंमत असेल ती दाखव, म्हणून काका मागे लागले. बाबाही मान वर करून बघायला लागले. काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि नाटकाचं चित्रण लावलं.

पाच मिनिटांनी काका म्हणाले, "जल्ला, मुरदूंग कुटं हाय?" बाबांनी त्यांना गप्प केलं. सोंगाड्या आला तेव्हा काका उठून उभे राहिले. "ह्यो माजंच काम करतोय की!" बाबांचं लक्ष मात्र गाण्यावर होतं. बोटं आपोआप मांडीवर ठेका धरत होती. मग बंदरावरची ती आई आली. तिने पहिलं मागणं गायलं, वाद्यं थांबली, आणि बाबांनी हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

काकांनीही सूर मिळवला. स्वयंपाकघरातून आईनेही मिळवला, काय चाललंय ते न बघता. शेवटच्या ओळीपर्यंत आमच्या पडवीने त्या फ्रेंच बाईला एकटं पडू दिलं नाही. माझ्या छातीवरचा केवढा तरी धोंडा उतरला.

"काय मागतेय ती?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, "तिचा पोरगा जिथं असेल तिथं त्याच्याजवळ कोणीतरी असू दे म्हणतेय." बाबा माझ्याकडे वळले. "तू ह्यो खेळ बगायला कोनासंगं जातंस?"

"एकटीच."

त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते तो राग त्यात नव्हता. "गो बाय," ते म्हणाले, "खेळ काय एकट्यानं बगायचा असतो?"

परकी होऊ नकोस म्हणजे आपली भाषा सोडू नकोस, असंच मी धरून चालले होते. बाबांना धास्ती होती ती मला तिकडे माणूस नसण्याची.

लिओंला परत आल्यावर मी दोन तिकिटं काढली. खालच्या मजल्यावर ओदेत नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात. जिन्यात भेटल्या की नमस्कार करायचा, एवढीच आमची ओळख. मी दार वाजवलं तेव्हा त्यांना वाटलं माझ्या नळाचं पाणी खाली झिरपतंय. तिकीट दाखवल्यावर त्या कोट शोधायला आत पळाल्या. नाटकात त्या प्रत्येक गाणं माझ्याआधी गुणगुणत होत्या. मध्यंतरात त्यांनी पर्समधून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आता महिन्यातून एकदा आम्ही जातो. त्या माझ्या फ्रेंचच्या चुका काढतात आणि मी त्यांना कोकमाचं सार पाजते.

घर कुठं, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी पटकन वाडीचं नाव घ्यायचे. आता क्षणभर थांबते. वाडीचंच नाव घेते, पण खाली ओदेतबाई जेवायला वाट बघत असतील हेही तेव्हा मनात असतं. दोन्हीकडे कुणीतरी वाट बघतंय, यातच मला घर सापडलंय.

दर रविवारी फोन ठेवताना बाबा विचारतात, "कंदी येतंस?" ओदेतबाईंबद्दल सांगितलं त्या रविवारी त्यांनी खूप चौकशी केली. त्यांना पोरं किती, गुडघे दुखतात काय, मासे खातात काय. आईला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस? हिला सोबत झाली." आणि फोन ठेवला. नेहमीचा प्रश्न आलाच नाही. मी फोन हातात धरून बसून राहिले. वाईट वाटावं असं काही झालं नव्हतं, तरी वाईट वाटलं.

मंगळवारी कामावर असताना पुन्हा बाबांचा फोन. ते आडवारी कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून बाहेर आले. "बाबा, काय झालं?"

"काय नाय गो," ते म्हणाले. "त्या दिवशी इचारायचं ऱ्हायलं. कंदी येतंस?"