पुरस्काराचा दगड

"प्रोजेक्ट कुठाय?" परीक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी घाम पुसत विचारलं.

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात," मी म्हणाले.

त्यांनी पायाखाली पाहिलं. कातळ, थोडं गवत आणि सिमेंटचं एक झाकण. बिचाऱ्यांचा चेहराच पडला. मुळशीच्या जलाशयावरची ती चढण चढताना त्यांना चांगलीच धाप लागली होती. वर काहीतरी भव्य, फोटो काढण्याजोगं असेल अशी त्यांची समजूत होती.

मी भूजलतज्ज्ञ. म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे शोधणं माझं काम. आता रिटायर झाले, तेव्हा पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत होते. हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर वर चढत होत्या, ते दिवस. आमच्या विभागातली इंजिनियर आणि भूवैज्ञानिक मंडळींची एक संस्था होती. निसर्गाला न ओरबाडता केलेल्या कामाला ती दरवर्षी पुरस्कार द्यायची. आमचे साहेब वर्तक सर. त्यांनी मला न विचारताच आमचं काम तिकडं पाठवून दिलं. मला पुरस्कारांचा मनापासून कंटाळा. लांबलेली भाषणं, गार समोसे आणि शेवटी 'दोन शब्द बोला'.

काम म्हणाल तर अगदी साधं होतं. या डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. धरणाचं पाणी दिवसभर डोळ्यांसमोर, आणि उन्हाळ्यात बायांच्या डोक्यावर हंडे. खाली उतरायचं, भरायचं, पुन्हा चढायचं. वाडीच्या वर एक झरा होता, पण त्यात गुरं उतरायची आणि सगळा चिखल व्हायचा. आम्ही झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त टाकी बांधली आणि तिथून पाइप खाली वाडीत नेला. पाणी उताराने आपोआप येतं. पंप नाही, वीज नाही. वरच्या माळावर दगडी बांध घातले, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटण्याऐवजी मुरावं. संपलं काम.

पाणी समितीची अध्यक्ष द्वारकाआक्का आमच्याबरोबर वर आली होती. साठीची, तोंडाने फटकळ. हंडा घेऊन त्याच चढणीवर ती एकदा पडली होती आणि तिचा उजवा गुडघा कायमचा वाकडा झाला होता. तरी चढताना परीक्षकांच्या पुढे होती.

"मेंटेनन्स कोण बघतं?" एका परीक्षकांनी विचारलं.

"आमीच. आजून कोन येनार हाय हितं?"

"आणि पंप बिघडला तर?"

"पंपच न्हाई, तर बिघडंल काय?" आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं हळूच विचारलं, "ताई, ह्ये मगाधरनं शाश्वत शाश्वत करत्यात, ते काय असतंय?"

"टिकणारं. आपल्या मागंही राहणारं."

"मंग टिकाऊ म्हना की सरळ," आक्का म्हणाली. ज्येष्ठ परीक्षक हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

पुरस्कार आम्हाला मिळाला. पुण्यात समारंभ झाला. आक्कालाही स्टेजवर बोलावलं. भूवैज्ञानिकांची संस्था, त्यामुळे ट्रॉफीही दगडाचीच. काळ्या बेसॉल्टचा गुळगुळीत, लांबट गोल गोटा, खाली सागवानी बैठक आणि पुढं पितळी पट्टी. पट्टीवर मराठीत कोरलेलं: 'शाश्वत अभियांत्रिकी व भूविज्ञान पुरस्कार'. आक्कानं तो दोन्ही हातांनी पेलून पाहिला.

"कुटला दगुड म्हनायचा ह्यो?"

"सह्याद्रीचाच. आपल्या डोंगरात आहे तोच."

"म्हंजी आमचाच दगुड आमालाच बक्षीस!" ती मोठ्यानं म्हणाली. माइक चालूच होता. सगळा हॉल हसला, आणि खरं सांगते, त्या समारंभात मला आवडलेलं तेवढं एकच वाक्य.

दगड आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात जाऊन बसला. वर्तक सर प्रत्येक क्लायंटला तो दाखवायचे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आक्काचा फोन आला. वाडीत मोबाइलला रेंज एका जांभळाखालीच मिळायची, त्यामुळे ती नेहमी ओरडून बोलायची. माळ विकला गेला होता. एका बिल्डरनं तिथं वीकेंड बंगल्यांचे प्लॉट पाडले होते. स्कीमच्या नावात 'व्हॅली'ही होती आणि 'व्ह्यू'ही होता. बंगल्यांना पाणी हवं, म्हणून माळावर बोअर घेणार होते.

ही बोअर थांबवायलाच हवी होती. का, ते सांगते. आपल्याकडचा डोंगर म्हणजे दगडाच्या थरांवर थर. मधूनमधून लाल, चिकट मातीचा पातळ थर असतो, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. पावसाचं पाणी वरच्या दगडातल्या भेगांतून झिरपत खाली येतं आणि या लाल थरावर अडतं. खाली जाता येत नाही, म्हणून ते आडवं सरकत डोंगराच्या कडेला येऊन बाहेर पडतं. तोच आपला झरा. थोडक्यात, लाल थर म्हणजे पाणी झेलणारं ताट. झऱ्याच्या वर बोअर मारली की ताटाला भोक पडतं, पाणी त्या भोकातून खोल निघून जातं आणि झरा आटतो. तो परत आणायची युक्ती निदान मला तरी ठाऊक नाही.

मी बिल्डरला जाऊन भेटले. माणूस अगदी गोड. चहा मागवला, माझा रिपोर्ट चाळला, नकाशाचं कौतुकही केलं.

"पलीकडच्या उताराला, या लाल थराच्या खालून बोअर घ्या," मी म्हणाले. "तिथं झऱ्याला धक्का लागत नाही. तुमच्यासाठी मी जागा बघून देते."

"मॅडम, पॉइंट निघालाय ऑलरेडी. आमच्या पाणाड्यानं काढून दिलाय. हातावर नारळ ठेवला, तो उभा राहिला बघा! त्या माणसाचा पॉइंट कधी फेल जात नाही."

"नारळाला लाल थर दिसत नाही."

"आणि पाणी तुमचा रिपोर्ट वाचून वाहतं का?" तो हसत म्हणाला. मला इतका राग आला की चहा तसाच टाकून उठले.

मग पौडला तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथले साहेब समंजस होते. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताजवळ बोअर घेता येत नाही, असा कायदाच आहे म्हणाले. मात्र झऱ्याची तशी नोंद व्हायला हवी, त्यासाठी जागेची पाहणी व्हायला हवी. सगळं रीतसर आणि योग्यच. पण पाहणीला वेळ लागतो, बोअरच्या गाडीला लागत नाही.

"वाडीनं आडवं पडायला हवं," मी आक्काला फोनवर म्हणाले.

"कुनाला आडवं पडू, ताई? जमीन आमच्याच भावकीनं इकलीया. पोरांनी फटफट्या घेतल्यात त्यातनं. घराघरात भांडनं लावू व्हय?" मग म्हणाली, "पन त्या चढनीवर सूनबाईला मी हंडा घिऊन जाऊ द्यायची न्हाई. माझा एक पाय गेला तेवढा बास झाला."

मी शिकलेली, नकाशे काढणारी बाई, आणि मला नुसतं 'बघते' म्हणावं लागलं.

दोन दिवसांनी आक्का एसटीनं थेट आमच्या ऑफिसात हजर. काचेच्या दाराबाहेर चपला काढून आत आली आणि रिसेप्शनमधल्या कपाटासमोर उभी राहिली.

"साहेब, ह्यो दगुड द्या."

वर्तक सर गडबडले. "अहो, ती ट्रॉफी आहे!"

"व्हय. पन हितं तिचं काय काम हाय?"

"क्लायंट येतात, त्यांना दाखवतो आम्ही."

"आमी बी दावनारच हाय," आक्का म्हणाली.

मला वाटलं, कचेरीत पुरावा म्हणून दाखवायचा असेल. मीही गळ घातली. सरांनी नाइलाजानं कपाट उघडलं. 'परत आणा हं' असं तीनतीनदा बजावलं. आक्कानं दगड पदरात गुंडाळला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ताई, बोअरची गाडी माळावर चढतीया. या तुमी."

मी ऑफिसची जीप काढली. वाटेत नाही नाही ते मनात येत होतं. पोचले तर माळावर पिवळी अजस्र गाडी उभी, इंजिन बंद, आणि मशिनवरची सगळी माणसं तिच्या सावलीत बसलेली. त्यांचा म्होरक्या तमिळ होता. त्यानं हातानंच समोर दाखवलं.

"मॅडम, इधर सामी है. हम ड्रिल नई मारेगा."

पाणाड्यानं ठोकलेल्या खुंटीच्या जागी चार दगडांचा ओटा होता. ओट्यावर आमची ट्रॉफी. तिच्यावर शेंदूर असा थापला होता की काळा दगड कुठं दिसत नव्हता. झेंडूचा हार, फोडलेला नारळ, उदबत्ती. सागवानी बैठक ओट्यात गाडलेली, पितळी पट्टी मात्र घासूनपुसून चकचकीत. वाडीतल्या बाया भोवती बसून गाणी म्हणत होत्या. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, हे आपण बोलताना नेहमी म्हणतो. होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात बिल्डरची गाडी आली. गोडवा घरी ठेवून आला होता.

"हा काय प्रकार आहे? मागच्या आठवड्यात हा देव इथं नव्हता!"

"द्येव कवा आला ते आमाला इचारता व्हय?" आक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमी कवा आला ते सांगा की."

"कोणता देव आहे हा?"

आक्कानं पितळी पट्टीवर बोट ठेवलं. "वाचा की. लिवलंय. सासवताई."

मी मान फिरवून जलाशयाकडं बघत राहिले. हसू आवरेना, आणि हसले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

बिल्डरनं मशिनवाल्यांना दगड बाजूला करायला सांगितलं. एकही जण उठला नाही. ही माणसं स्वतः लिंबू-नारळ केल्याशिवाय ड्रिल लावत नाहीत, ती देवाला कशी हलवणार? मग तो माझ्याकडं वळला.

"मॅडम, तुम्ही सायंटिस्ट. तुम्हीच सांगा यांना, हा देव आहे का?"

सगळ्या बाया गाणं थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. आक्काही. तो दगड काय आहे हे त्या माळावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि वाडीचं पाणीही घालवायचं नव्हतं.

"देव आहे की नाही, हे माझ्या विषयात येत नाही," मी म्हणाले. "इथं भोक पाडलं तर खालच्या वाडीचं पाणी जाईल, हे येतं. ते मी तुम्हाला तुमच्या ऑफिसात सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही नारळाचं ऐकलंत. आता समोर नारळ आहेच, पुन्हा विचारून बघा."

तो ओट्याकडं बघत उभा राहिला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. बोलता बोलता त्यानं बूट काढून ठेवले होते. ते केव्हा काढले, त्यालाही कळलं नसावं. मी मनात म्हटलं, झरा वाचला.

"ती पलीकडच्या उताराची जागा," तो जरा वेळानं म्हणाला, "दाखवता का?"

दाखवली. तिथं बोअरला बंगल्यांपुरतं पाणी लागलं. पुढं पाहणी झाली, झऱ्याची नोंदही झाली. आता कायद्यानंच त्याला हात लावता येत नाही.

मला आनंद झाला हे तर खरंच. पण थोडं लागलंही, ते का लपवा? इतकी वर्षं अभ्यास केला, थरन् थर मांडून दाखवला, आणि काम झालं शेंदरानं. तसं मी आक्काला बोलून दाखवलं.

"आवं, भोक कुटं पाडू नये ह्ये तुमीच सांगितलं न्हवं?" ती म्हणाली. "मला काय डोंगराच्या पोटातलं दिसतंय? तुमी सांगितलं, मी त्यास्नी कळंल आसं केलं."

ट्रॉफी परत आणायला वर्तक सर स्वतः गेले. संध्याकाळी रिकाम्या हातानं आले. कपाळावर टिळा, रुमालात खोबऱ्याचा तुकडा.

"ट्रॉफी?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "ऑन साइट डिस्प्ले."

अलीकडं त्या बंगल्यांच्या स्कीमचा रंगीत कागद माझ्या हाती आला. आसपासच्या आकर्षणांत जलाशय होता, किल्ला होता आणि 'प्राचीन सासवताई मंदिर' होतं. माझा रिपोर्ट कंपनीनं ऑफिस बदललं तेव्हा रद्दीत गेला. आक्का गेली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. तिची सून वाडीतल्या नळावर पाणी भरते आणि पहिला तांब्या सासवताईसाठी बाजूला ठेवते. शाश्वत म्हणजे आपल्या मागंही राहणारं, असं मीच आक्काला सांगितलं होतं. तिनं ते माझ्यापेक्षा नीट ऐकलं.