छतावरचे पाहुणे

काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गलीत उन्हाळा लागल्याची बातमी सूर्याआधी मास्तर देत. मास्तर म्हणजे गलीतले निवृत्त संस्कृत शिक्षक. शाळेने त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी स्वतः ते कधी मान्य केलं नाही. देवळाच्या भिंतीवर एक फळा होता. चैत्र सरत आला की मास्तर तो ओल्या फडक्याने पुसत, मधोमध रेघ मारत आणि एका बाजूला 'वार्ता', दुसऱ्या बाजूला 'विनंती' असं लिहीत. वार्तेत कोणाची मुलगी पास झाली, कोणाकडे पाहुणे आले, बिजली केव्हा जाणार, असलं सगळं. विनंतीत आम्ही किती वाईट शेजारी आहोत याचा तपशील.

'आंब्याच्या साली खिडकीतून टाकू नयेत, त्यामुळे गाय येते व मग जात नाही.' 'छतावर पाणी मारण्यापूर्वी खाली वाकून पाहावे.' 'नळ आल्यावर आधी शेजाऱ्याची बादली लावावी.' ही शेवटची विनंती लिहून झाली की मास्तर हात धुवत आणि आपली बादली लावत. नळ त्यांच्या दाराशीच होता, त्याला ते बिचारे काय करणार.

मी नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा गलीत एकच टीव्ही होता, तो समोरच्या काकूंकडे, आणि तो बघायला गेलं की काकू आपल्याला वर्षभर बघत. उन्हाचं मला कोणी शिकवू नये. तरी सासूबाईंनी पहिल्याच वैशाखात सांगितलं, "तुमच्याकडे नुसतं ऊन असतं. इथे लू असते, अंग भाजणारा वारा." जशी काही लू त्यांनी माहेराहून आंदण आणली होती.

लू सोसता येते हो. सोसत नसत ते पाहुणे. तिकडे महाराष्ट्रात शाळांना सुट्टी लागली की माणसं काशीला निघत, आणि काशी म्हणजे आमची गली. कोणी अस्थी घेऊन येई, कोणी नवस घेऊन, कोणी नुसतीच भूक घेऊन. प्रत्येकाच्या खिशात आमच्यापैकी कोणाचा तरी पत्ता. नातं काय, तर सासऱ्यांच्या मावसभावाचे पूर्वीचे शेजारी. दारात उभं राहून वर म्हणणार, "धर्मशाळेतच उतरणार होतो, पण म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल." आम्हाला अजिबात वाईट वाटलं नसतं, पण हे सांगायची सोय नव्हती.

आणि आले की तक्रारी. पाणी जड आहे, गली अरुंद आहे, बंदर, म्हणजे माकडं, फार आहेत, चहात साखर कमी आहे. कोल्हापूरच्या एक बाई तर गंगा घाटापासून इतकी खाली का गेली म्हणून माझ्याकडे रागाने पाहत होत्या. मी काय तिला बोलावून आणू?

घरात जागा नसेच. आमची छतं एकमेकांना लागून, मधला कठडा ओलांडला की शेजारी. संध्याकाळी छतांवर पाणी मारायचं, फरशी निवली की अंथरुणं टाकायची, आणि ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो झोपायचा. कोणाचा पाहुणा कोणाच्या छतावर घोरतोय हे कोणी बघत नसे. बघितलं तरी बोलायचं नव्हतं, कारण फळ्यावर सर्वांत वर, खडूने पुन्हा पुन्हा गिरवून, मास्तरांची विनंती होती: 'पाहुण्यांस, आपण कोणाकडे उतरलात, असे विचारू नये.' त्याला कारण घडलं होतं. मी यायच्या आधी कधीतरी काकूंनी साताऱ्याच्या एका गृहस्थांना हाच प्रश्न विचारला. ते तडक पिशवी उचलून धर्मशाळेत गेले आणि घरी परतल्यावर त्यांनी दूधविनायकाची मराठी माणसं पाहुण्यांना हाकलतात असं सगळ्या जिल्ह्यात पसरवलं. तेव्हापासून आमची गली सभ्यपणाने पछाडलेली होती.

अशाच एका उन्हाळ्यात एक आजोबा आले. आले म्हणजे काय, एका सकाळी ते होते. धोतर, टोपी, एक कापडी पिशवी. छतावरून आमचा जिना उतरून खाली आले आणि उंबऱ्याशी थांबले. मी चहा दिला. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "समोरचीचे पाहुणे दिसतात. चहा मात्र आपण पाजायचा." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, काय सांगू. काकूंच्या टीव्हीचं उट्टं निघत होतं.

दुपारी आजोबा काकूंच्या चबुतऱ्यावर सावलीला बसत. काकू त्यांना पानावर बोलावत आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणत, "मास्तरांचे पाहुणे असले म्हणून काय झालं, आपण माणुसकी सोडायची नाही." रात्रीची भाकरी मास्तरांकडे. मास्तर आम्हाला भेटले की समजूतदारपणे मान हलवत, म्हणजे, तुमच्या घरी चणचण आहे हे मी कोणाला सांगणार नाही. अशी आमची साखळी छान जुळली होती. दुसऱ्यावर उपकार होतोय म्हटलं की आमच्या गलीत अन्न गोड लागतं.

शिवाय आजोबा कामाचे निघाले. वाळवणाचे दिवस, छतं कुरडया-पापडांनी भरलेली आणि वर बंदरांची टोळी. आम्ही बायका पाळी लावून राखण करायचो आणि तरी रोज एखादं धुणं नाहीतर सांडग्याची परात जायचीच. आजोबा डोक्यावर ओला पंचा घालून, हातात काठी घेऊन दिवसभर कठड्याशी बसू लागले. एक पापड गेला नाही. मास्तरांनी वार्तेत लिहिलं, 'माकडांचा बंदोबस्त करण्यात आला आहे.' कोणी केला ते लिहिलं नाही, त्यामुळे तो मास्तरांनी केला.

मला मात्र आजोबांचं काहीतरी खटकत होतं. ते तक्रार करत नव्हते. एकदा घाईत मी चहात साखर घालायलाच विसरले. ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "छान झालाय, ताई." बिनसाखरेच्या चहाला छान म्हणणारा पाहुणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मनात म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

दोन-चार दिवसांनी पहाटे संकठा घाटावर नहायला गेले, तर आजोबा पायरीवर बसलेले. अंगावर पंचा, धुतलेलं धोतर दगडावर पसरलेलं. ते वाळायची वाट बघत होते. ज्याला उतरायला घर असतं त्या पाहुण्याला अशी एका धोतरावर वाट बघावी लागत नाही. मी सरळ जाऊन विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणाकडे उतरलात?"

"ताई, फळ्यावर लिहिलंय, विचारायचं नाही म्हणून."

"मला वाचता येतं. तरी विचारतेय."

मग त्यांनी सांगितलं. मुलाबरोबर आले होते, बायकोच्या अस्थी घेऊन. अस्थी गंगेत सोडल्या. मुलाने त्यांना भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली, तिकिटं काढून येतो म्हणाला आणि गेला. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. त्या दुपारी पायऱ्यांच्या वर कोणीतरी बाई आपल्या पोराला मराठीत रागावत होती. त्या आवाजामागोमाग हे चालत आमच्या गलीत आले. कोणीतरी म्हणालं, या, बसा, ऊन फार आहे, आणि गूळ-पाणी दिलं. पुढे कोणी काही विचारलंच नाही.

मी म्हटलं, "पत्ता द्या. आत्ता त्याला पत्र टाकते, चांगलं खरमरीत."

"पत्ता मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण मी कुठे आहे हे त्यालाही ठाऊक आहे. त्यानेच बसवलंय."

त्या मुलाचा मला असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याला पायरीवरून खाली लोटलं असतं. मग माझ्याच डोळ्यांचा राग आला, कारण ते भरून आले होते. आजोबा शांत होते. म्हणाले, "पाऊस लागला की छतं रिकामी होतील, सगळे जातील. तेव्हा मीही उठेन, घाटावर जाऊन बसेन. तोवर कोणाला बोलू नका. दिवसातून चार वेळा कोणी मराठीत 'जेवलात का' विचारतं, तेवढं मिळू द्या."

मी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही, त्यांच्या पोटात बातमी टिकत नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या चहात दुप्पट साखर घालू लागले. दुसरं काय करणार होते मी? आणि रोज आभाळाकडे बघून मनात म्हणत होते, येऊ नकोस बाबा इतक्यात.

आभाळ आलंच. एके दिवशी मळभ दाटलं आणि मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'पाहुण्यांस निरोप. छते मोकळी करावीत. सायंकाळी आमच्या चौकात पन्हे.' निरोपाची आमच्या गलीची एक रीत होती. सगळे पाहुणे ओळीने बसायचे आणि ज्या घरचा पाहुणा त्या घरच्या बाईने सर्वांदेखत त्याच्या हातात गंगेचा गडू द्यायचा, डाख लावून बंद केलेला. उन्हाळाभर जे विचारायचं नाही ते त्या संध्याकाळी आपोआप कळायचं. मी आजोबांना म्हटलं, तुम्ही येऊच नका चौकात. ते म्हणाले, "निरोपाला पाहुणा दिसला नाही तर शोधाशोध होते, ताई." आणि ते आले. धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन, ओळीत शेवटी बसले.

गडू वाटले गेले. कोल्हापूरच्या बाईंनी आपला गडू हलवून बघितला, पुरेसा भरलाय का म्हणून. सगळ्यांचे हात भरले, आजोबांचे तेवढे रिकामे राहिले. मास्तर सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई काकूंकडे. काकू मास्तरांकडे.

"अहो मास्तर, तुमचे ना हे?" काकू म्हणाल्या.

"आमचे? यांचे!" मास्तरांनी सासूबाईंकडे बोट केलं.

"आमचे कसले? समोरचीचे म्हणून मी रोज चहा पाजलाय."

"आणि मी महिनाभर जेवायला घातलं ते मास्तरांचे म्हणून!"

आपला उपकार कोणावर झालाच नाही हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आजोबा उठून उभे राहिले. "भांडू नका. मी कोणाचाच नाही," ते म्हणाले आणि मला सांगितलं होतं तेवढंच, त्याहून थोडक्यात, सगळ्यांना सांगितलं. मुलाला नाव ठेवलं नाही. "तुमचं अन्न खाल्लं, क्षमा करा," म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली.

मग सगळे एकदम चांगले झाले. मास्तर म्हणाले की असा प्रसंग फळ्याच्या कक्षेत बसत नाही. कोणाला एक आश्रम आठवला, फार स्वच्छ, पण गंगेपलीकडे. कोणाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, अस्सीच्या बाजूची धर्मशाळा आठवली. जितकी जागा लांब तितकी ती चांगली ठरत होती. मी तोंड उघडणार होते. पण मी सून, आणि घर सासूबाईंचं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, परातीत उरलेला एक गडू उचलला आणि म्हणाल्या, "निदान हा तरी द्या हो त्यांच्या हातात. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

"ठेवा तो खाली," सासूबाई म्हणाल्या. "गडू जाणाऱ्याला देतात."

काकूंचा हात तसाच राहिला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बघतेस काय अशी? पिशवी घे त्यांच्या खांद्यावरची. जिन्याखालची खोली झाडायला लागेल, कोळसे आहेत तिथे."

घरी येईपर्यंत त्या बडबडत होत्या. समोरचीवर चढवलेला चहा फुकट गेला, आता पापड आपल्याच घरचे राखून घेईन, दुसऱ्या कोणाचे म्हणून राखू देणार नाही. माझ्याशी त्यांचं त्याआधी कधी पटलं नव्हतं आणि पुढेही फारसं पटलं नाही. पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, लगेच डोक्यावर बसल्या असत्या.

सकाळी पावसाची झड लागली होती. आजोबा जिन्याखालच्या खोलीतून आले. या वेळी उंबऱ्याशी थांबले नाहीत, आत येऊन पाटावर बसले. मी चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "फार गोड करतेस गं चहा. मला नाही जात इतका. मागे एकदा बिनसाखरेचा केला होतास ना, तसा करत जा."

मी कप उचलला आणि आत गेले. आधी पदराने डोळे पुसले, मग दुसरं आधण ठेवलं.