जपानच्या तिघी

सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की मी स्टेशनजवळच्या हॉटेलात चहाला थांबायचो. तिथं बाकावर रोज एक म्हातारा मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेला असे. नाव मी कधी विचारलं नाही. घरी कोण असतं, एवढं एकदा विचारलं, तर ट्रान्झिस्टरवर थाप मारून म्हणाला, "ह्यो हाय की."

जपानचा हिंदी कार्यक्रम लागला की तो चहाची बशी खाली ठेवायचा. त्यात तीन जपानी मुली गायच्या. शब्द कुणालाच कळत नसत, पण यानं नुसत्या आवाजावरून थोरली, मधली, धाकटी ठरवून टाकली होती. "धाकटीचा घसा बसलाय आज," असं काळजीनं सांगायचा.

एका संध्याकाळी निवेदिका म्हणाली, तिघी आता गाणं सोडताहेत, हे शेवटचंच.

"लगीन ठरलं असंल," म्हातारा खुशीत म्हणाला. "एकाच मांडवात तिघी उजवल्या. ब्येस झालं."

गाणं संपलं. नुसती खरखर उरली, तरी त्यानं ट्रान्झिस्टर बंद केला नाही. चहा गार झाल्यावर मला विचारलं,

"मागं बापाजवळ कोन हाय वो त्यांच्या?"