आज मी आईच्या तोंडावर हात ठेवला

ताई-दादांनो, आज शहाद्यात आम्हा ख्रिस्ती मंडळींची रविवारची उपासना भाड्याच्या खोलीत झाली. गेल्या रविवारी काही लोक येऊन 'इथली गाणी-प्रार्थना बंद करा' असा दम देऊन गेले होते. म्हणून पाळकांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, सांगितलं, "आज गीतं मनातल्या मनात म्हणा."

आईला नीट ऐकू येत नाही. सगळे गप्प असताना ती नेहमीसारखी खड्या आवाजात गाऊ लागली. सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मन्हं काही चुकनं का?" तिनं विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं. ती शेवटपर्यंत गप्प बसली.

घरी आलो, जेवलो. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. आई अजून बोललेली नाही.

तुमच्याकडे अजून मोठ्यानं गातात का?